जुळ्यांच्या बाळंतपणासाठी किती लांब जावे : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी

सोनोग्राफीत दोन बाळे दिसली की घरात आनंदाच्या पाठोपाठ दवाखान्याचा वाद सुरू होतो. घरातील थोरल्यांना तालुक्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंवर भरवसा असतो, माहेरची मंडळी कोल्हापूर किंवा मिरजेचे नाव काढतात, आणि बेळगावात नोकरीला असलेला दीर थेट मोठ्या इस्पितळातच नाव घाला म्हणतो. यांपैकी कोणाचेच म्हणणे सरसकट चुकीचे नसते, कारण सोळाव्या आठवड्यात जे अंतर चालते ते बत्तिसाव्या आठवड्यात चालत नाही. म्हणून अंतर एकदाच ठरवून मोकळे होता येत नाही. ते आठवड्यांच्या हिशेबाने कमी करत न्यावे लागते, आणि ते बाळंतपणाच्या खोलीपासून न मोजता अपुऱ्या दिवसांच्या दोन बाळांना एकाच वेळी सांभाळू शकणाऱ्या अतिदक्षता विभागापासून मोजावे लागते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीच जन्मतात आणि साधारण दहातली एक जोडी ३२ आठवड्यांच्याही आत येते, ही गोष्ट लक्षात घेतली की हा आग्रह का, ते कळते.

पहिली पायरी : जुळी कोणत्या प्रकारची आहेत ते लेखी घ्यावे

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफी जुळ्यांच्या बाबतीत चुकवू नये. दोन बाळांना दोन स्वतंत्र वारा (वार म्हणजे आईकडून बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा) आहेत की एकच सामाईक वार आहे, आणि पाण्याच्या पिशव्या दोन आहेत की एक, हे याच काळात सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे दोन वारा एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसू लागतात आणि मग खात्रीने सांगणे अवघड होते. रिपोर्टमध्ये हे ‘डायकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’, ‘मोनोकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’ किंवा ‘मोनोकोरिऑनिक मोनोअ‍ॅम्निऑटिक’ अशा शब्दांत असते आणि डॉक्टर बोलताना डीसीडीए (दोन वारा, दोन पिशव्या), एमसीडीए (एक वार, दोन पिशव्या), एमसीएमए (एक वार, एक पिशवी) असे म्हणतात. रिपोर्टवर नुसते ‘ट्विन्स’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याच भेटीत सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारून तेवढे शब्द लिहून घ्यावेत. प्रवासाचा सगळा हिशेब याच शब्दांवर उभा राहतो.

वारा दोन असतील तर मधल्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते आणि सर्व ठीक असल्यास सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळंतपण केले जाते. वार एकच असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत जोडलेल्या असतात. अशा दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरांमध्ये एका बाळाकडे जास्त आणि दुसऱ्याकडे कमी रक्त जाण्याचा गंभीर प्रकार उद्भवतो. तो वेळेत पकडण्यासाठी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते, आणि बाळंतपणही साधारण छत्तिसाव्या आठवड्यात करतात. म्हणजे तेवढ्या काळात नुसत्या तपासणीच्या दहा-अकरा खेपा होतात. पिशवीही एकच असेल तर नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असल्याने अनेक ठिकाणी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपासच दाखल करून घेतात आणि ३२ ते ३४ आठवड्यांदरम्यान सिझर करतात. या तिसऱ्या प्रकारात तालुक्याच्या दवाखान्याचा विचारच करू नये.

दुसरी पायरी : दवाखान्याला नाव न विचारता सोयी विचाराव्यात

आपल्या भागात ‘मोठा दवाखाना’ ही समजूत बहुधा इमारतीच्या उंचीवरून ठरते. जुळ्यांच्या बाबतीत मात्र काही ठरावीक प्रश्न आहेत, आणि ते बाळंतपणाच्या डॉक्टरांना, बालरोगतज्ज्ञांना व काउंटरवर असे तिन्हीकडे, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन विचारावेत.

भूलतज्ज्ञ रात्री दवाखान्यातच असतात की घरून बोलवावे लागतात, हा पहिला प्रश्न. पहिले बाळ डोक्याकडून असेल तर जुळ्यांचे बाळंतपण नैसर्गिक रीतीनेही होऊ शकते. परंतु पहिले बाळ सुखरूप झाल्यावर दुसरे आडवे फिरले किंवा त्याचे ठोके उतरले, तर काही मिनिटांत सिझर करावे लागते, आणि अशा वेळी भूलतज्ज्ञांची गाडी कुठवर आली याची वाट पाहता येत नाही. दुसरा प्रश्न रक्ताचा आहे. गर्भाशय जास्त ताणले गेल्याने जुळ्यांनंतर रक्तस्राव अधिक होण्याचा धोका असतो. म्हणून रक्तपेढी त्याच आवारात आहे की पिशवी आणायला नातेवाइकाला मोटारसायकलवरून गावभर धावावे लागते, ते आधीच कळले पाहिजे.

तिसरा प्रश्न बाळांचा आहे आणि तोच सर्वांत नेटाने विचारावा. ‘पेटीची सोय आहे का’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असेच उत्तर मिळते, कारण ऊब देणारा वॉर्मर सगळीकडेच असतो. त्याऐवजी असे विचारावे : तुम्ही किती आठवड्यांच्या आणि किती वजनाच्या बाळांना इथेच ठेवून घेता आणि कोणत्या बाळांना पुढे पाठवता? सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) आणि व्हेंटिलेटर किती आहेत? एकाच वेळी दोन बाळांना लागले तर मिळतील का? फुप्फुसासाठी लागणारे सरफॅक्टंट औषध इथे देता का? तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील नवजात विभाग किरकोळ अडचणींपुरता असतो. जिल्हा पातळीवरील ‘एसएनसीयू’, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष विभाग, १८०० ग्रॅमच्या आतील आणि ३४ आठवड्यांपूर्वीच्या बाळांना घेतो. त्याहून फार लवकर आलेल्या, दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागणाऱ्या बाळांसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तोडीचे ठिकाण लागते. आपल्या परिसरात त्या तोडीची ठिकाणे म्हणजे बेळगावातील बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या रुग्णालयाला अजून सगळे सिव्हिलच म्हणतात, आणि नेहरूनगरमधील केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय. दक्षिणेला धारवाड-हुबळीची वैद्यकीय महाविद्यालये. सीमेपलीकडे कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे जीएमसी. खाजगी नवजात अतिदक्षता विभाग बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली-मिरजेत बरेच आहेत व त्यांच्या सोयींत पुष्कळ फरक आहे. म्हणूनच वरचे प्रश्न पाटी वाचून सोडून देऊ नयेत.

मिळालेली उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. एखाद्या ठिकाणी प्रश्न विचारल्याचा राग आला, तर तेही लिहून ठेवण्याजोगे उत्तर आहे.

तिसरी पायरी : रस्ता किलोमीटरमध्ये मोजू नये

सीमाभागात जवळचा दवाखाना पुष्कळदा दुसऱ्या राज्यात असतो. कागवाडहून मिरज वीस किलोमीटरच्या आत आहे. अथणीकरांना मिरज पंचावन्नएक किलोमीटर, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव त्याच्या दुपटीहून अधिक दूर. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक, बेळगाव पाऊणशे. उलट महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बेळगावला येतात. खानापूर शहर बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे, पण त्याच तालुक्यातील भीमगडच्या जंगलातील आमगाव, गवाळी, कोंगळा यांसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून गाडीच्या रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि तेथील बाईच्या दृष्टीने ‘पन्नास किलोमीटर’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून आपल्या घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा वेळ तीन वेळा काढावा : एकदा भर दिवसा, एकदा रात्री, आणि एकदा ज्या ऋतूत बाळंतपण येणार त्या ऋतूतील अडचणी धरून. गाडी मिळवून ती दारात येईपर्यंतचा वेळही त्यातच धरावा. खेड्यात तो कधी कधी प्रवासाइतकाच असतो.

जून ते सप्टेंबर या काळात तारीख येत असेल तर पुलांचा विचार सर्वांत आधी करावा. चिक्कोडी-निपाणी भागात कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे कमी उंचीचे बंधारे व पूल कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढल्या की दरवर्षी पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गही निपाणीजवळ यमगर्णीला आणि कोल्हापूरजवळ बंद पडला होता, त्यामुळे कोल्हापूरच्या भरवशावर बसलेल्या निपाणीकरांना बेळगावची दिशा धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे आणि ज्यांच्या वाटेवर नदी आहे, त्यांनी नदी न ओलांडता पोहोचता येईल असा एक दवाखाना दुसरा पर्याय म्हणून ठरवून ठेवावाच. गोव्याकडे जाणाऱ्यांनी चोर्ला घाटावर पावसात विसंबू नये. दरड आणि खड्डे हे दोन्ही तिथले नेहमीचे आहेत.

हिवाळ्यातली अडचण वेगळी. गळिताचा हंगाम सुरू झाला की चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, त्यांना मागचे दिवे क्वचितच असतात, आणि कारखान्याच्या वळणावर एक ट्रॉली कलंडली की अर्धा-पाऊण तास सहज जातो. नकाशावरचे अ‍ॅप जी वेळ दाखवते तिच्यात हे धरलेले नसते.

चौथी पायरी : आठवड्यांप्रमाणे अंतराची मर्यादा घालावी

पुढील मर्यादा ज्यांचे गर्भारपण सुरळीत चालले आहे त्यांच्यासाठी आणि माझ्या समजुतीप्रमाणे आहेत. आपले डॉक्टर त्या आणखी घट्ट करू शकतात आणि तसे झाल्यास त्यांचेच ऐकावे.

चोविसाव्या आठवड्यापर्यंत घरी राहून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नियमित तपासणी करण्यास हरकत नाही, मात्र बाळांमधील व्यंग पाहण्याची अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी आणि वार एक असल्यास पंधरा दिवसांची तपासणी ही जुळ्यांचा सराव असलेल्या तज्ज्ञाकडेच करावी, त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागले तरी. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत बाळे आलीच तर तालुक्याचा नवजात विभाग त्यांना वाचवण्यास अपुरा पडतो, तेव्हा या काळात वैद्यकीय महाविद्यालयाच्या तोडीचे ठिकाण दीड-दोन तासांच्या आत असावे आणि लांबचे लग्न, जत्रा, सौंदत्तीची वारी हे सर्व टाळावे. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांत हा वेळ एका तासावर आणावा. बत्तिसाव्या आठवड्यानंतर, आणि वार एक असल्यास तिसाव्यानंतर, ठरवलेल्या दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत मुक्काम असावा. ज्यांचे घर मुळातच तेवढ्या अंतरात आहे त्यांचा प्रश्न सुटला. इतरांना मुक्काम हलवावा लागेल.

रक्तदाब वाढलेला असणे, गर्भाशयाचे तोंड आखूड झालेले असणे, आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झालेले असणे, बाळांच्या वाढीत फरक पडणे किंवा हिमोग्लोबिन खूप खाली असणे, यांपैकी काहीही असेल तर मुक्काम आणखी आधी हलवावा. वारेच्या रक्तप्रवाहातील बिघाडावर लेसरची शस्त्रक्रिया लागली तर ती या जिल्ह्यांच्या आवाक्यातील गोष्ट नाही. त्यासाठी बेंगळुरू, मुंबई, चेन्नईसारख्या शहरातील गर्भवैद्यक केंद्राकडे एक-दोन दिवसांत निघावे लागते. म्हणून एक वार असलेल्या कुटुंबाने ‘तसे झाल्यास तुम्ही आम्हाला कुठे पाठवाल’ हे विसाव्या आठवड्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

पाचवी पायरी : माहेरपणाची सांगड घालावी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलीला माहेरी नेण्याची रीत चांगलीच आहे, पण जुळ्यांच्या बाबतीत तो महिना नेमका अडचणीचा असतो, कारण याच सुमारास डॉक्टर बदलतो, कागद अर्धे सासरी राहतात आणि नव्या डॉक्टरांना दोन्ही बाळांच्या वाढीचा मागचा आलेख हाती नसतो. माहेरी बाळंतपण करायचे असेल तर डॉक्टर विसाव्या आठवड्याच्या आत बदलावा, किंवा निदान माहेरच्या डॉक्टरांकडे तोपर्यंत एकदा दाखवून नाव घालावे. माहेर गडहिंग्लजच्या बाजूच्या खेड्यात आणि सासर बेळगाव शहरात असेल, तर या एका बाळंतपणापुरती आईनेच मुलीकडे येऊन राहणे शहाणपणाचे ठरते, आणि दोन बाळांसाठी तसेही दोन बायांचे हात लागतातच.

शहरात मुक्काम हलवताना नातेवाइकांचे घर असल्यास उत्तम. पण ते तिसऱ्या मजल्यावर आहे का, रात्री दोनला गाडी काढून देणारे तिथे कोणी आहे का, हेही पाहावे. नातेवाईक नसतील तर इस्पितळाच्या परिसरातील महिन्याच्या भाड्याची खोली बघावी आणि ती बाळंतपणानंतरही तीन-चार आठवडे हातात राहील असे बोलून ठेवावे, कारण बाळे पेटीत असतील तर बाळंतिणीला सुट्टी मिळूनही गावी परतता येत नाही.

सहावी पायरी : निघण्याची खूण आणि वाटेतला थांबा

पोट थोड्या-थोड्या वेळाने कडक होणे, पाणी जाणे, अंगावर रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके ठणकणे, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणे, अंगभर खाज सुटणे, बाळांची हालचाल मंदावणे, एक-दोन दिवसांत पोट भराभर वाढून धाप लागणे : यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. ‘अजून दिवस भरले नाहीत, त्या खोट्या कळा असतील’ हे घरात बसून ठरवू नये.

दूरच्या दवाखान्याकडे निघावे की आधी जवळच्याकडे, याचा निर्णय सोपा करून ठेवावा. नुकत्याच कळा सुरू झाल्या असतील, तर पूर्वी ठरलेल्या दवाखान्याकडे निघावे. बाळे पोटात असताना केलेला प्रवास जन्मानंतर दोन नाजूक बाळांना गाडीतून नेण्यापेक्षा त्यांच्यासाठी पुष्कळ सुरक्षित असतो. खूप रक्त जात असेल, झटका (आकडी) आला असेल किंवा जोर करण्याची भावना होत असेल, तर सर्वांत जवळच्या, बाळंतपणाची सोय असलेल्या ठिकाणी थांबावे. तिथून पुढे पाठवताना बाळांची फुप्फुसे पक्की होण्यासाठीच्या स्टिरॉइड इंजेक्शनचा पहिला डोस द्यायचा आहे का, हे विचारावे. त्या इंजेक्शनाचा पुरता परिणाम यायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून ते किती वाजता दिले ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि पुढच्या दवाखान्यात फोन करून दोन खाटा बाळांसाठी मोकळ्या आहेत याची खात्री करूनच गाडी हलवावी.

१०८ ही सेवा दोन्ही राज्यांत आहे, पण दोन्हीकडचा कारभार वेगळा आहे. अगदी सीमेवरच्या गावात मोबाइलने पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडला असेल, तर फोन तिकडच्या केंद्रात लागू शकतो. तेव्हा राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव या क्रमाने पत्ता सांगावा. आपल्या भागातील गाडी सीमेपलीकडच्या दवाखान्यात नेते का, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारावे, आणि नेत नसेल तर गावातल्या दोन गाडीवाल्यांशी बोलून ठेवावे. एकच गाडीवाला धरला की नेमका तोच त्या रात्री वराडात गेलेला असतो.

सातवी पायरी : पैसा आणि कागद

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. खाजगी नवजात विभागाचा खर्च दिवसाच्या दराने आणि जुळ्यांसाठी दुप्पट लागत असल्याने, खाजगी ठिकाण निवडणाऱ्यांनीही ही वाट बंद करू नये आणि सिव्हिलमध्ये एकदा तरी नाव नोंदवून ठेवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या मातृत्व तपासणीला गेल्यास तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे तपासण्यांच्या नोंदीचे सरकारी कार्ड) जोखमीचे गर्भारपण अशी खूण होते. ती खूण पुढे पाठवताना उपयोगी पडते.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र तातडीचा प्रसंग वगळता सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते. सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी इथेच सावध राहावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटक सरकारने त्यास हरकत घेतली. तेव्हा त्या आधारावर कोल्हापूर किंवा मिरजेला जायचे असल्यास, आपल्या गावाचे नाव आणि कागद घेऊन त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेची माहिती व मदत देणाऱ्या कर्मचाऱ्यांना) आधी भेटावे आणि होकार मिळाल्यावरच खर्चाचा हिशेब मांडावा. गोव्याच्या जीएमसीत बाहेरच्या राज्यातील रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतले जाते.

पिशवीत तायी कार्ड, सर्व सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, नवरा-बायकोची आधार कार्डे, रेशन कार्ड आणि बँक पासबुक असावे. संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागावे. तसे सांगणारी परिचारिका बेळगावात सहज मिळते, हुबळीत कदाचित शोधावी लागेल. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्याच कार्यालयात होते. २१ दिवसांत नोंद झाली का आणि दोन्ही बाळांचे दाखले स्वतंत्र, जन्मवेळेसह निघाले का, हे गाव गाठण्यापूर्वी पाहावे, म्हणजे एका कागदासाठी पुन्हा राज्य ओलांडावे लागत नाही.

आठवी पायरी : बाळे घरी आल्यानंतरच्या खेपा

बाळे नवजात विभागात असताना आईचे दूध काढून दोघांना देणे आणि उघड्या छातीशी धरून ऊब देणे हे रोजचे काम असते. विभागात आईला दिवसभर बसू देतात की ठरावीक वेळेसच सोडतात, हे दवाखाना निवडतानाच विचारून घ्यावे. खोली दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असली तर दर दोन-तीन तासांनी जाणे जमते. एक बाळ आधी सुटले आणि दुसरे राहिले असे पुष्कळदा होते, तेव्हा सुटलेल्या बाळाला घेऊन गावी न जाता आईने दोघांच्या जवळच राहावे आणि घरचे काम दुसऱ्या कोणी उचलावे.

सुट्टीच्या कागदावर दोन तारखा हमखास पाहाव्यात. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागतो, कारण त्यातील बिघाड बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाल्यास दृष्टी जाते. दुसरी तारीख कानांच्या तपासणीची. डोळ्यांची ही तपासणी नेहमीच्या नेत्ररोगतज्ज्ञाकडे होत नाही, ती बाळांचा पडदा तपासणारे तज्ज्ञ ज्या दिवशी येतात त्याच दिवशी होते. गाव लांब असेल तर दोन्ही बाळांची वेळ एकाच दिवशी मागून घ्यावी आणि ती तारीख उलटून जाईपर्यंत शहरातली खोली सोडू नये.